कुठला डबा होता? टाल्कम पावडर आणि आठ महिन्यांच्या बाळाचा श्वास

बाळ आठ महिन्यांचं, मुलगी, वजन सव्वाआठ किलो. तोवरचा आजार म्हणजे एकदा झालेली सर्दी. घर डिचोली तालुक्यातल्या एका गावातलं: आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडं. मे महिन्याची अखेर, पावसाआधीचा चिकट उकाडा, ज्यात अंगावरचा घाम वाळतच नाही. प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे. घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि बाळाच्या आईने लिहायला परवानगी दिली आहे. लिहावंसं वाटलं याचं कारण एकच. टाल्कम पावडरीबद्दल लोक मला विचारतात ते कॅन्सरचं, पण पावडरीमुळे दवाखान्यात धावतपळत आणलेलं बाळ येतं ते श्वासासाठी.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आजीने बाळाला न्हाऊ घातलं, पुसून पलंगावर निजवलं. डायपर बांधताना बाळ वळवळत होतं, म्हणून त्याच्या हातात पावडरीचाच डबा दिला. हे घरोघर चालतं. डबा हलका, गुळगुळीत, हलवला की आत खुळखुळतो. पण या वयाच्या बाळाला हातातली प्रत्येक वस्तू तोंडात घालायची असते, आणि पावडरीचा डबा लांबट, वर निमुळता असल्यामुळे ते तो दुधाच्या बाटलीसारखाच धरतं. जाळीचं झाकण पाच वर्षांच्या चुलतबहिणीने दुपारी खेळताना सैल करून ठेवलं होतं. बाळाने डबा उलटा करून तोंडाला लावला, झाकण निघालं आणि पावडरीचा ढीग तोंडा-नाकावर आला. बाळ दचकलं, आणि दचकल्यावर कोणीही करतं तेच त्याने केलं. जोरात श्वास आत ओढला.

पाच-सात मिनिटं खोकल्याची उबळ, एक उलटी, डोळ्यांतून पाणी. आईने ओल्या फडक्याने तोंड पुसलं, कडेवर घेऊन अंगणात आणलं. खोकला थांबला. बाळ अंगावर प्यायलं, ताईकडे बघून हसलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रात्री शेजारच्या वाड्यावर हळदीचा कार्यक्रम होता, त्याची तयारी सुरू झाली.

सव्वाआठच्या सुमारास आईच्या लक्षात आलं की बाळ छातीला लावलं तरी ओढत नाही, दोन घोट घेऊन सोडून देतं. पोट भराभर वरखाली होतंय, नाकपुड्या फुलताहेत. आजीने खोबरेल तेलाची वाटी गरम करून आणली होती, नाकात दोन थेंब सोडायला. सुनेने एवढंच म्हटलं, "आई, आधी डॉक्टरांना फोन करूया." तिच्या या एका वाक्याने पुढचं बरंच टळलं असं माझं मत आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात सोडलेलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया बरा व्हायला फार वेळ घेतो. आधीच पावडरीने सुजलेल्या श्वासनळ्यांत तेल गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नकोसा वाटतो.

फोनवर मी तिला बाळाचं झबलं वर करून, मिनिटभर घड्याळाकडे बघत श्वास मोजायला सांगितलं. साठच्या वर आले. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे आणि तो अंगणवाडी सेविकेपासून आजीपर्यंत प्रत्येकाला पाठ हवा. (दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60, एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40.) तासाभरात मंडळी दवाखान्यात पोचली. श्वास मिनिटाला 64, रक्तातला ऑक्सिजन 90 टक्के, बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडतोय, छातीत दोन्ही बाजूंना सूं-सूं. डाव्या नाकपुडीच्या कडेला पांढरी खरपुडी अजून तशीच होती.

ऑक्सिजन लावला, 108 ला फोन केला आणि काकाला विचारलं, "कुठला डबा होता?" तो घेऊन यायला मी फोनवरच बजावलं होतं. त्याने पिशवीतून दोन डबे काढले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, एकाच आकाराचे.

एकात टाल्कम पावडर होती. दुसऱ्यात कॅरमची पावडर. कॅरमची पुडी दमट हवेत फाटते, म्हणून रिकाम्या झालेल्या टाल्कमच्या डब्यात ती ओतून ठेवलेली, आणि दोन्ही डबे ओसरीवरच्या एकाच फळीवर. कॅरमला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ती बोरिक पावडर, म्हणजे बोरिक अॅसिड. झुरळांसाठी गोळ्या करतात तीच. तान्ह्या बाळाच्या पोटात ती गेली तर उलट्या, जुलाब, अंगावर लाल चट्टे, आकडी, मूत्रपिंडावर परिणाम, इथपर्यंत मजल जाते. सोललेल्या त्वचेतूनही ती रक्तात शिरते. एकेकाळी जगात अनेक ठिकाणी बाळांच्या लंगोटाच्या पावडरीत बोरिक अॅसिड घालत, आणि त्यातून बाळं दगावल्यावर ते बंद झालं. तेव्हा बाळाने ओढली ती पावडर टाल्कम की बोरिक, यावर पुढचे सगळे उपचार अवलंबून होते. टाल्क असेल तर बघायचं ते फुप्फुस. बोरिक असेल तर पोट, मेंदू, मूत्रपिंड सगळंच.

आई म्हणाली, बाळाच्या अंगाला पावडरीचा वास येत होता. बोरिक पावडरीला वास नसतो. रुग्णवाहिका येईपर्यंत मी दोन ग्लासांत कोमट पाणी घेतलं आणि दोन्ही डब्यांतली चिमूट-चिमूट टाकून ढवळलं. एकातली काही वेळाने विरघळून पाणी स्वच्छ झालं. दुसरी ढवळूनही विरघळेना. थोडी वर तरंगत राहिली, थोडी तळाशी बसली. झाकण सैल असलेला डबा हाच होता, टाल्कचा. (घरात कोणी हा प्रयोग करत बसू नये. डबा उचलून सोबत आणावा, एवढंच.)

बाळाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवलं. तिथे ऑक्सिजन, नेब्युलायझरने वाफ, शिरेतून थोडं पाणी आणि सतत नजर. एक्स-रेमध्ये फुप्फुसं जास्त फुगलेली आणि उजवीकडे खालच्या भागात धूसर ठिपके दिसले. टाल्कवर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. श्वास चालू ठेवायचा, ऑक्सिजन पुरवायचा आणि सूज ओसरायची वाट बघायची. व्हेंटिलेटरची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ऑक्सिजन कमी करता आला, चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. सगळ्या बाळांचं नशीब असं नसतं. बेबी पावडर श्वासात गेल्याने तान्ही मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून आहेत.

मधले दोन तास बाळ हसतंखेळतं का होतं, हे समजून घ्यायचं तर टाल्क म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. टाल्क हे खनिज आहे, आपलं शंखजिरं. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक पहिला, म्हणजे सगळ्यांत मऊ. मॅग्नेशियम आणि सिलिका यांचे पातळ पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून त्वचेवर ते रेशमासारखं लागतं. भारतात ते मुख्यतः राजस्थानच्या खाणींतून येतं. पावडरीच्या डब्याखेरीज ते रंगात, प्लॅस्टिकमध्ये, कागदात असतं, आणि औषधाच्या गोळ्या साच्याला चिकटू नयेत म्हणून त्यांतही चिमूटभर असतं. गोळीतलं टाल्क पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, त्याची भीती नको. फुप्फुसात मात्र ते पाण्यात विरघळत नाही आणि रक्तात शोषलं जात नाही. श्वासनळीच्या आतल्या बारीक केसांचं काम कचरा वर ढकलायचं, ते केस त्याने जड होतात, ओलावा सुकतो. मोठ्या नळ्यांतली पावडर खोकल्याने निघते आणि बाळ शांत होतं. खोल, सुईएवढ्या नळ्यांत उतरलेली तिथेच राहते आणि त्या नळ्या हळूहळू सुजू लागतात. या सुजेला काही तास लागतात. म्हणून पावडर ओढलेल्या बाळाला 'आता बरंय' म्हणून झोपवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं आणि काही तास श्वासावर नजर ठेवावी. तोवर घरात करण्यासारखं फारसं नसतंच: बाळाला धुळीतून बाहेर न्यायचं, नाकतोंड ओल्या फडक्याने हलकेच पुसायचं, कपडे बदलायचे. तोंडात पाणी ओतायचं नाही, बोट घालायचं नाही, पाय धरून उलटं लटकवायचं नाही, मध चाटवायचं नाही. ओठ निळसर वाटले किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर वाट न बघता 108.

बाळ घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ओसरीवर आजोबांनी एक गोष्ट सांगितली ती इथे नोंदवावीशी वाटते. खाणी जोरात चालू होत्या त्या काळात याच रस्त्यावरून दिवसभर लोहखनिजाचे ट्रक जात. अंगणातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धुळीचा थर बसे. त्या धुळीविरुद्ध हा गाव भांडला, सह्या गोळा केल्या, रस्त्यावर बसला. आजोबा त्यात पुढे होते. धूळ छातीत जाते हे या घराला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण बाहेरच्या धुळीशी भांडलेल्या घरात सुवासिक, पांढऱ्या धुळीकडे कोणी धूळ म्हणून बघितलं नाही, कारण ती आपल्याच हाताने, मायेने लावलेली असते. यात त्यांचा दोष काढण्यासारखं मला काहीच दिसत नाही. पावडर लावलेलं, काजळाची तीट लावलेलं बाळ म्हणजे न्हाऊन-माखून झालेलं बाळ, ही आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत बसलेली गोष्ट आहे.

आजी मात्र दुखावल्या होत्या. "डॉक्टर, आमची चार पोरं पावडरीतच वाढली," असं म्हणून गप्प बसल्या. मी त्यांना विचारलं, पावडर नेमकी कशाला लावता? त्या म्हणाल्या, अंग कोरडं राहायला, घामोळं येऊ नये म्हणून, जांघेत लाल होऊ नये म्हणून. मग आम्ही तिघींनी मिळून एकेक बघितलं.

जांघेत लाल होतं ते ओलं डायपर जास्त वेळ राहिल्याने. त्यावर पावडर टाकली की ती लघवीत आणि घामात भिजते, तिच्या गुठळ्या होतात आणि घडीत घासतात. बाळाच्या जांघेत मी बोट फिरवून अशी एक गुठळी काढून आजींच्या तळहातावर ठेवली. सुकलेल्या पिठासारखी होती, करकरीत. त्या बराच वेळ ती बोटांत चुरत राहिल्या. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला. जांघेला हवा हवी, डायपर लवकर बदलायला हवं, पाण्याने धुऊन टिपून कोरडं करायला हवं, आणि लाल झालंच तर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली. दिवसातून थोडा वेळ बाळाला नुसत्या सुती दुपट्यावर उघडं ठेवलं तरी अर्धं काम होतं. लाल चट्ट्याभोवती बारीक पुळ्या दिसल्या तर ती बुरशी असते, तिला औषध लागतं.

घामोळ्याचंही तसंच. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद झाली की घामोळं येतं. पावडर ती तोंडं उघडत नाही. गोव्याच्या मे महिन्यात दोन वेळा साध्या पाण्याची आंघोळ, सैल सुती झबलं आणि पंखा, याने घामोळं जातं. मोठ्या माणसांना खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन आहेच.

आजींनी मग हळूच त्यांचा स्वतःचा त्रास सांगितला. छातीखालच्या घडीत गेली दोन-तीन वर्षं लाल, ओलं, खाजरं. रोज पावडर लावून त्या निभावत होत्या. बघितलं तर बुरशीचा जुना संसर्ग होता, आणि रक्त तपासलं तर साखर 240 वर. पावडरीने खाज तेवढी दबत होती. मधुमेहाचं औषध आणि बुरशीचं मलम सुरू केल्यावर दीड महिन्यात कातडी स्वच्छ झाली. अशी दबलेली दुखणी मी फार बघते. घडीतलं लाल महिनाभर हटत नसेल तर साखर तपासून घ्यावी.

निघताना बाळाची आई पायरीपर्यंत आली. तिचा प्रश्न वेगळा होता आणि तो सासऱ्यांसमोर विचारण्यासारखा नव्हता. तिची मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. टाल्कम पावडरीने कॅन्सर झाला म्हणून अमेरिकेत भरलेल्या खटल्यांच्या बातम्या तिने मोबाइलवर वाचल्या होत्या. ती स्वतः कॉलेजपासून उन्हाळ्यात मांड्यांना, आणि पाळीच्या दिवसांत पॅडवरही पावडर शिंपडत आली होती. "मला पण होईल का?"

तिला सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला बायका नेहमी दबक्या आवाजातच विचारतात.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. टाल्क ज्या खडकात सापडतं त्याच खडकात कधीकधी अॅस्बेस्टॉस या दुसऱ्या, तंतूंच्या खनिजाचेही पट्टे असतात. अॅस्बेस्टॉसने कॅन्सर होतो हे निर्विवाद आहे, त्यामुळे अॅस्बेस्टॉस मिसळलेलं टाल्क धोक्याचं याबद्दल वाद नाही. 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरीच्या एका डब्यात अॅस्बेस्टॉसचा अंश आढळला आणि कंपनीने तो लॉट परत मागवला. पुढे कंपनीने टाल्कची बेबी पावडर 2020 मध्ये अमेरिका-कॅनडात आणि 2023 मध्ये जगभर बंद केली आणि मक्याच्या स्टार्चची आणली. आपली पावडर सुरक्षितच होती, ही कंपनीची भूमिका मात्र कायम आहे आणि खटले हजारोंनी आहेत.

शुद्ध टाल्कचं काय, हा खरा अवघड भाग. जांघेत पावडर वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बायकांची तुलना करणाऱ्या काही अभ्यासांत अंडाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण 20 ते 30 टक्क्यांनी जास्त दिसलं. पण त्यांतले बरेचसे अभ्यास कॅन्सर झाल्यानंतर जुन्या सवयी आठवायला सांगणारे होते, आणि आजार झाल्यावर माणूस जास्त आठवतो. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सुमारे अडीच लाख बायकांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. त्यांना पावडरीबद्दल आधी विचारून मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. त्यात ठोस संबंध सिद्ध झाला नाही. जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या 2ए गटात टाकलं. माणसांतला पुरावा मर्यादित, प्राण्यांतला पुरेसा, असं तिचं म्हणणं. त्याच गटात रात्रपाळीचं काम आणि अतिशय गरम पेयंही आहेत. पुरावा किती भक्कम आहे हे तो गट सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही.

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून तिला हिशेब करून दाखवला. अमेरिकेत साधारण शंभर बायकांमागे एकीला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. 30 टक्के वाढ खरी मानली तरी ते शंभरात एकाचं सव्वा-दीडच्या आत राहतं. आणि पावडर शिंपडून मिळतं काय? पॅडवरची पावडर काहीही थांबवत नाही, कशाचंही रक्षण करत नाही. ज्याचा उपयोग शून्य आहे ते सोडायला धोका सिद्ध व्हायची वाट कशाला बघायची? तेवढा एक वापर आजपासून बंद करा आणि मागच्या वर्षांचा घोर लावून घेऊ नका, असं मी तिला म्हटलं. खांद्याला, काखेत पावडर लावायचीच असेल तर आधी हातावर घेऊन, तोंडापासून लांब, बाळ दुसऱ्या खोलीत असताना. स्टार्चच्या पावडरीत अॅस्बेस्टॉसचा प्रश्न नाही, पण बाळाच्या छातीला ती धूळच, म्हणून बाळासाठी तीही नको.

मला तिच्या बोलण्यातली काळजीची गोष्ट पावडर वाटलीच नाही. मावशी 44 व्या वर्षी गेली आणि आजोळी आणखी एकीला तरुणपणी स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे तिने ओघात सांगितलं. बीआरसीए नावाच्या, आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकांत दोष असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता कित्येक पटींनी वाढते. पावडरीचा कुठलाही अभ्यास त्याच्या जवळपासही जात नाही. मावशी हयात नाही, म्हणून तिचे जुने रिपोर्ट शोधायला आणि रक्ताची तपासणी आधी मावशीच्या मुलीची किंवा आपल्या आईची करून घ्यायला सांगितलं. त्यांच्यात दोष सापडला तर मग हिची. पोट सतत फुगलेलं वाटणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जावं लागणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर गॅस म्हणून सोडून न देता सोनोग्राफी करून घ्यायची, हेही लिहून दिलं.

मावशीच्या मुलीची तपासणी झाली आहे, रिपोर्ट यायचा आहे. कॅरमची पावडर आता झाकणाच्या बरणीत, वर ठळक अक्षरांत 'बोरिक' लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवली जाते. रिकाम्या डब्यांत दुसरं काही भरायचं नाही हे आजोबांनी घरात सगळ्यांना बजावलं आहे. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीला आणलं तेव्हा छाती स्वच्छ होती, श्वास मिनिटाला 36, वजन साडेआठ किलो. पहिल्या पावसाळ्यात सर्दी झाली आणि छातीत पुन्हा सूं-सूं वाजली तर घरी काढे न देता लगेच आणायचं, असं आजींनाच सांगून ठेवलं आहे, कारण दिवसभर बाळ त्यांच्याकडेच असतं.